मेनूवरची टिकली

इटालियन हॉटेलात जेवायला जायचं म्हणजे परीक्षेला बसायचं, असं माझं मत झालं आहे. मी चौथीपर्यंत शिकले, म्हणून नापास होणारच होते. पण पेपर काढणारी माझीच मुलगी होती.

माझी मुलगी हॉटेलांची मेनूकार्डं तयार करते. जेवण नाही, जेवणाचा कागद. चांगली नोकरी सोडून तिने हे सुरू केलं, तेव्हा मी तिच्यासाठी मार्गशीर्षातले गुरुवार धरले. घट मांडायचा, पोथी वाचायची आणि महिनाभर घरात मासळी आणायची नाही. आम्ही मालवणकडची माणसं. आमच्या घरात महिनाभर मासळी नाही म्हणजे काय, ते चाळीतल्या मांजरांना विचारावं. दोन गुरुवार झाले आणि तिला एका हॉटेलवाल्याने सांगितलं, नमुना करून आण, पसंत पडला तर सगळं काम तुझं. तिसऱ्या गुरुवारच्या आधीच्या मंगळवारी दुपारी ती मला तिथे घेऊन गेली.

"आज मालक फायनल काय ते सांगणार," ती म्हणाली. "तू सोबत असलीस की मला बरं वाटतं."

हॉटेल लोअर परळला, माझे सासरे ज्या गिरणीत कापडाचे साचे चालवायचे त्याच आवारात. भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवल्या होत्या. आमच्या खोलीचा गिलावा पडला की आम्ही लाजतो. इथे तो पाडायला माणूस लावला असणार. भर दुपारी पडदे ओढलेले आणि टेबलावर एक मेणबत्ती. देवघरातल्या समईला जास्त उजेड असतो.

मग मेनू आला, मुलीचाच नमुना; त्या दिवशी चाचणीसाठी तो सगळ्या टेबलांवर ठेवला होता. पाटाएवढा जाड पुठ्ठा, आणि त्यावर मुंग्यांची रांग जावी तशी इंग्रजी अक्षरं. बाकी सगळं कोरं.

"एवढी जागा फुकट का घालवलीस गो?"

"आई, ती व्हाइट स्पेस आहे. डोळ्यांना श्वास घेता येतो."

डोळे श्वास घेतात हे मला चौथीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

ती हळू आवाजात सगळं समजावत होती. आकड्यापुढे रुपयाची खूण नाही, कारण खूण दिसली की माणूस विचार करतो. सगळ्यात वर एक फार महाग पदार्थ आहे, तो कोणी घ्यायचा नाही, बाकीचे स्वस्त वाटावेत म्हणून तो तिथे. म्हणजे शेतातलं बुजगावणं. एका पदार्थाचं नाव वाचून ती म्हणाली, हा आजीच्या हातचा आहे.

"आजी आत आहे?"

"नाही गं आई, असं लिहितात. घरगुती वाटतं."

"आणि ही चौकट कसली?"

"चौकट असली की नजर तिथेच जाते. दहातले सहा जण तेच मागवतात."

मी कागद उलटसुलट करून हिरवा आणि लाल ठिपका शोधत होते. बिस्किटाच्या पुड्यापासून लग्नातल्या टेबलापर्यंत तो असतो. इंग्रजी न येणाऱ्या माझ्यासारखीला तेवढंच एक इंग्रजी वाचता येतं. इथे ठिपका नव्हता.

"काढले," मुलगी म्हणाली. "मालक म्हणाले, ठिपक्यांनी कॅन्टीनसारखं दिसतं. मलाही पटलं. पान किती शांत झालं बघ."

मला सासूबाई आठवल्या. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत त्या गिरणीवाल्यांची खानावळ चालवायच्या. चाळीस माणसं जेवायची, त्यातली निम्मी अंगठा उठवणारी. मेनू कसला आणि काय कसला! पण माशाच्या डावाच्या दांड्याला सासूबाईंनी लाल चिंधी बांधलेली असायची. तो डाव माळकऱ्यांच्या पातेल्यात कधी गेला नाही. एकदा मी घाईत चिंधी धुवायला काढली आणि परत बांधायला विसरले, तर कोणता डाव कुठे बुडला ते कळेना म्हणून त्यांनी सगळी आमटी मोरीत ओतली आणि चाळीस माणसांसाठी पुन्हा चूल पेटवली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलीने माझ्यासाठी चौकटीतलाच पदार्थ मागवला. "टोमॅटो आहे, ऑलिव्ह आहे, लसूण आहे. आणि पुढे लिहिलंय, समुद्राची आठवण."

"समुद्राची आठवण म्हणजे काय?"

"मीठ असेल गं. मालकांनी लिहून दिलं, मी ते छान बसवलं."

लाल रश्शातल्या शेवया आल्या. बशी परातीएवढी आणि शेवया मधोमध मूठभर. तिथेही डोळ्यांना श्वास. मी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. खारवलेली मासळी मला कोणी सांगावी लागत नाही. तेलात विरघळवली होती, काटा नाही, खवला नाही, पण होती. समोर मुलगी आशेने माझ्याकडे बघत होती. भरल्या हॉटेलात तोंडातला घास काढण्याचं माझं धाडस झालं नाही. मी गिळला. जिच्या कामासाठी व्रत धरलं, तिच्याच कामाने ते मोडलं.

"कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हणाले आणि पाणी प्याले.

मी गप्पच बसणार होते. मला परक्या ठिकाणी बोलता येत नाही. भाजीवाल्याने कमी तोललं तरी मी पिशवी उचलून निघते. आणि आज एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पोरीचं काम जाणार होतं. पण शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती, गळ्यात तुळशीची माळ. तिनेही कागद माझ्यासारखाच उलटसुलट केला, काही सापडलं नाही, आणि मग वाढणाऱ्या मुलीला बोटाने दाखवलं. चौकटीवर.

मला मोरीत ओतलेली आमटी दिसली.

मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली सोडवली आणि त्या शांत पानावर, चौकटीच्या कोपऱ्यात चिकटवली.

"आई! काय करतेस? सॅम्पल आहे ते!"

"ह्येच्यात मासो आसा."

"काहीतरीच काय! कुठे आहे मासा?"

"माका शिकवतंस? खाऊन बघ."

तिने काटा उचलला. माझी मुलगी शहरात वाढली असली तरी जीभ आमचीच आहे. तिचा चेहरा उतरला. तिने वाढणाऱ्या मुलीला बोलावलं, ती आत जाऊन विचारून आली. हो, मिठातला छोटा मासा, आचाऱ्याची खासियत. माझ्या मुलीने शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "त्यांना आधी सांगा. लगेच." ती सांगून परतल्यावर माझी मुलगी वरपासून एकेक नाव वाचत गेली, वाढणारी सांगत गेली आणि मी टिकल्या लावत गेले. आजीच्या हातच्या पदार्थातसुद्धा डुक्कर निघालं. धन्य ती आजी.

तेवढ्यात मालक आला. काळा बनियन, पायात मोजे नाहीत, आणि एवढं मोठं हॉटेल.

"ये क्या है? बिंदी?"

मुलगी उभी राहिली. "सर, गलती मेरी है. मैंने किचन में पूछा ही नहीं. मेरी मम्मी का व्रत है और मैंने उनको फिश खिला दी."

"अरे यार, सॉरी आंटी." तो हसला. "लेकिन डॉट्स से पूरा लुक जाता है ना. कॅन्टीन लगता है."

त्याने कागद उचलला आणि टिकली काढायला नख लावलं. मला सासूबाईंची चिंधी आठवली आणि माझं मोडकं हिंदी आपोआप बाहेर आलं.

"कॅन्टीन में आदमी को मालूम रहता है वो क्या खाता है."

एवढंच बोलले. मग टिकल्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं.

काम मुलीलाच मिळालं. ठिपक्यांशिवाय देणार नाही, असं तिने त्याला सांगितलं म्हणे. आठवड्याने छापील कार्ड घरी आलं. मी चष्मा लावला, मग खिडकीशी गेले. ठिपके होते. तिळाहून बारीक आणि सगळे राखाडी. भरलेला म्हणजे मांसाहारी, पोकळ म्हणजे शाकाहारी. लाल-हिरवं पानावर ओरडतं म्हणे. मेणबत्तीच्या उजेडात ते वाचायला घार पाहिजे. समुद्राची आठवणही तशीच आहे, चौकटीसकट.

"एवढंच मिळालं, आई," ती म्हणाली.

व्रत पुढच्या वर्षी पहिल्यापासून धरायचं ठरवलं. यंदाच्या शेवटच्या गुरुवारी सात सवाष्णींना बोलावलं होतं, त्यांना द्यायला ओळखीच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं मुलगीच दादरहून घेऊन आली, येताना हॉटेलात थोडं काम होतं म्हणाली. माझी मुलगी टिकली लावत नाही, कॉलेजपासून कधीच नाही. मी पाकिटं मोजून ताटात ठेवली. ती सातच होती. दुकानात आठ घेतली होती, हे बिल बघून कळलं. आठवं मला तिच्या लॅपटॉपच्या बॅगेत दिसलं, पेनांच्या कप्प्यात. त्यातल्या लाल टिकल्या निम्म्या संपल्या होत्या.