शिळं पाणी

आमच्या घरी रात्रीचं पाणी सकाळी कधी कोणी प्यायलं नाही. उरलेलं पाणी शिळं. ते झाडाला ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. हा आईचा नियम. ती लग्न होऊन दौलताबादकडच्या खेड्यातून इथे आली तेव्हा नळाला रोज पाणी यायचं, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती.

पुढे शहर बायपासच्याही पलीकडे पसरलं आणि वर दुष्काळ पडला. बोअर आटली, नळ आठवड्यानं येऊ लागला. तेवढं पाणी न्हाणीतल्या ड्रममध्ये साठवून पुरवायचं. नेमकी त्याच उन्हाळ्यात आई विसरायला लागली. चहात मीठ पडायचं. वडील जाऊन वर्षं लोटली होती, तरी ती संध्याकाळी दारात त्यांची वाट पाहायची. नियम तेवढा पक्का राहिला. एका सकाळी पाहते तर अख्खा ड्रम मोरीत रिकामा! वर मलाच दटावलं, "इतक्या दिसाचं शिळं पाणी पितेत का माणसं? कुणी शिकवलं गं तुला?"

"अगं आई, शिळं झालं तरी चालतं!" मी ओरडले. मी जात्याच तापट. मग भर उन्हात टँकरपुढे रांग लावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. भाऊ वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला आणि त्यानं ड्रमला कुलूप घातलं. आई त्या कुलपासमोर बसून रडली. "पावणे आले तर पाणी काय देऊ?" मला ते बघवेना. कुलूप मीच काढलं.

डॉक्टरांनी सांगितलं, अल्झायमर. मेंदूत नको ती प्रथिनं साचतात, पेशी मरत जातात; नवं आधी पुसलं जातं, हाडीमाशी मुरलेलं मागं राहतं. "वाद घालू नका, तुम्ही हरणार," ते म्हणाले. "ओतायला थोडं पाणी त्यांच्या हाताशी ठेवा." हल्ली वाचते, रक्त तपासून हा आजार लवकर कळू शकतो, अगदी सुरुवातीला द्यायची नवी औषधंही आली आहेत. चांगलंच आहे. पण वाचताना राग येतो. आईच्या वेळी कुठं होतं हे सगळं?

ड्रम जुन्या लुगड्याखाली झाकला आणि ओट्यावर तांब्या ठेवला. रोज सकाळी ती तो कढीपत्त्याला ओतायची, चिंचेनं लख्ख घासायची. मी गुपचूप ड्रममधलंच पाणी भरून द्यायची. "आता कसं, ताजं हाय," ती खूश. त्या दुष्काळात गल्लीत हिरवा राहिला तो आमचा कढीपत्ता. शेजारणी फोडणीला पानं न्यायच्या.

दोनेक वर्षं अशी निभावली. मग एका सकाळी तांब्या कालचा तसाच भरलेला दिसला. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी तो तिच्यापुढे नेला.

"आई, शिळं झालं की गं पाणी."

तिनं तांब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. जरा संकोचून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. चालतंय."

पोटच्या पोरीला ती पहिल्यांदाच अहो-जाहो करत होती. आणि "चालतंय" एवढं तिनं म्हणावं म्हणून मी सबंध उन्हाळा तिच्याशी भांडले होते. तांब्या घेऊन मी कढीपत्त्यापाशी गेले, पाणी ओतलं आणि तिथंच रडत बसले.