मिडलचं बटण

तुमाला वाटलं असंल, गिटारवाल्या पोराची आठवण म्हंजे आता खिडकीतली पोरगी येणार. न्हाई येणार. एक व्हती, पण तिला बुलबुलतरंगवाला आवडायचा, तिकडं जाऊ नका. माझा जीव जळला तो एका काळ्या पेटीवर. पेटी म्हंजे गिटारचा अँप्लिफायर. अँप्लिफायर म्हणताना आमची जीभ अडकायची, म्हणून पेटी.

हुमनाबादची आमची आर्केस्ट्रा पार्टी. टीव्ही आमच्याकडं यायच्या आधीची. लग्न, बारसं, जयंती, जिथं मांडव तिथं आमी. त्यात माझी कामं दोन. मधल्या येळंत लोकांचे आवाज काढून हसवायचं, आन गिटारवर लीड वाजवायचा. लीड म्हंजे गाणारा दम घेतो आन गिटार एकटी बोलती ते. तेवढ्या येळंला सगळ्या मांडवाच्या माना माझ्याकडं वळायच्या. बाकीच्या येळंला चिंग-चिंग. चिंग-चिंगकडं वाढपी बी बघत न्हाई.

माझी पेटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अप्पांनी जुन्या वॉलच्या रेडिओची करून दिलती. वॉल म्हंजे काचंचे दिवे. आतली तार लाल झाल्याबिगर आवाज न्हाई, म्हणून मांडवात गेल्या गेल्या पेटी तापत ठेवायची आन मग बाकीचं बघायचं. बटणं दोन, आवाज आन टोन. टोन डावीकडं फिरवला की गिटार घोंगडं पांघरून बोलायलीय, उजवीकडं फिरवला की कानात डास. मधी केसभर जागा बरी व्हती, ती माझ्या बोटाला पाठ. आवाज अर्ध्याच्या वर नेला की पत्र्याच्या डब्यात खडे. आन अप्पांनी आतला रेडिओ पुरता काढला नव्हता, त्यामुळं कवा कवा शेतकी बातम्या लागायच्या. एकदा नवरीची पाठवणी चालू आन पेटीतनं बाई सांगायलीय, तुरीवर फवारा मारा.

पण लीड माझाच व्हता. दुसरी गिटार व्हती कुठं?

मग हळ्ळीखेडचा एक पोरगा पार्टीत आला. त्याच्या मामानं हैदराबादच्या एका हॉटेलातल्या बँडकडनं त्याला पेटी घेऊन दिलती. काळी, दोन माणसांनी उचलायची. आत चार थोरले वॉल. पाठीमागनं बघितलं की चुलीत निखारे. बटणं किती? आवाज, बेस, मिडल, ट्रेबल. माझ्या दुप्पट! त्याहून वाईट म्हंजे पोरगा सोन्यासारखा. उर्मट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

"अण्णा, तुमी बी वाजवून बघा की," म्हणला.

मी एकच सूर काढला. माझीच गिटार, माझीच बोटं, आन आवाज कसा, तर आपल्याकडं रोड असलेली लेक सासरी जाऊन गुबगुबीत झाल्यासारखा. मला रडू येयालतं.

"बरी हाय," म्हणलो. "जरा जड वाटायलीय."

दुसऱ्या दिवसापासनं मी सगळ्यांना सांगत सुटलो, त्या पेटीला बिर्याणीचा वास येतोय. खोटं. पेटी उघडून चार बारी हुंगली व्हती म्या, वास नव्हता.

दुबलगुंडीच्या जयंतीचा कार्यक्रम ठरला तवा मास्तरनी फर्मान काढलं. मास्तर म्हंजे आमचे अकॉर्डियनवाले, पार्टीचे मालक. तंबाकूनं घसा खरवडलेला, बोलणं निम्मं कन्नड निम्मं मराठी.

"लीड एकच. दुसरा चिंग-चिंग. दोगांचं बी कनातीमागं बसून ऐकतो. तोंड बगितलं की कान लाच खातो."

दुपार कलली तवा आमी दुबलगुंडीत पोचलो. निळी कनात लागलीच व्हती. पहिल्यांदा मी वाजवलं. केसभर जागा धरून, शेतकी बातम्या न लागू देता. कनातीमागनं खरखरीत आवाज आला, "चालतंय."

चालतंय! चप्पल चालती. बैलगाडी चालती.

मग त्याची बारी. "मास्तर, लांबनं कसं येतंय ते सांगा, तसं लावतो," पोरगा म्हणला.

"बेस उतरव," कनात बोलली. "साकु, साकु. पुरे."

तेवढ्यात मी बघितलं, गावातली मंडळी मास्तरचा हात धरून त्यांना चहाला घेऊन चाललीत. पोराला स्टेजवरनं काय दिसतंय? कनात निळी आन मागं कुणी न्हाई. मी गेलो आन मास्तरच्या खुर्चीवर बसलो.

आता मिडलचं सांगतो. बेस म्हंजे वजन, ट्रेबल म्हंजे चमक, हे आमाला ठावं. मिडल कशाला ठेवलंय ते कुणालाच ठावं नव्हतं. ते फिरवलं की गिटार नाकात बोलती, म्हणून ते सदा शून्यावर. आन नाकात बोलणं म्हंजे काय हे माझ्याहून जास्त कुणाला कळणार? आमच्या सरपंचाचा आवाज मी नाकातनंच काढायचो, शेवटच्या रांगंपतुर लोक लोळायचे. म्हणलं, आज ह्याच्या पेटीचा सरपंच करू. वरनं आवाज पूर्ण, म्हंजे डब्यात खडे.

घसा खरवडला. "मिडल वाढव."

"मिडल, मास्तर?"

"कान तुजा का माजा? वाढव. इन्नू. इन्नू स्वल्प. अजून थोडं."

"संपलं बटण, मास्तर."

"मग ट्रेबल उतरव. आन आवाज चढव."

"किती?"

"मी थांब म्हणूस्तर."

मी थांब म्हणलोच न्हाई.

पोरानं तार ओढली. आवाज फाटला, व्हय, पण डब्यासारखा न्हाई. गुऱ्हाळात काकवी तार धरती तसा तो सूर लांबत गेला, जाडजूड, गोड, तुटायलाच तयार न्हाई. नाकात? व्हय की, नाकातच. पण सनईवानी. ढोलकी, माणसं, पोरंसोरं, सगळ्यावरनं चढून तो गावाबाहेर गेला. मांडव बांधणारे हातोडी धरून तसेच उभे. मी खुर्चीवर बसून माझंच बोट चावायलतो.

मास्तर हातात बशी घेऊन पळत आले. चहा धोतरावर.

"हात लावू नको! कुणी बटणाला हात लावू नको! लीड ह्याचा!"

पोरगा लाजला. "तुमीच सांगितलं तसं लावलं की, मास्तर. मिडल पूर्ण म्हणलात."

"मी? मी तिकडं चहा पियालतो की रे!"

मग एकेकाची मान वळायली. लीड वाजवताना वळायची, तशीच. आमच्या पार्टीत दुसऱ्याचा आवाज काढणारा एकच व्हता, आन तो कनात उचलून बाहेर येयालता.

"कळ्ळा!" मास्तर गरजले. "चोरा! माज्या घशानं चोरी करतूस?"

"मास्तर, चांगलंच झालं न्हवं..."

"तू चांगलं करायला गेलतास? नाकातला आवाजच लांब जातो हे तुला ठावं, आन ते वापरलंस दुसऱ्याचं वाटोळं करायला! सवताच्या पेटीला कामून न्हाई लावलंस?"

"माझ्या पेटीला मिडल न्हाई, मास्तर."

"तोंडाला बी न्हाई! नुसता ट्रेबल! आज चिंग-चिंग वाजवायचं आन खाली मान घालून वाजवायचं. आन हे बग, नक्कल करतूस तर नीट कर. थोड्याला 'स्वल्प' कोण म्हणतंय? मी काय म्हैसूरचा हाय? मी चूर म्हणतो, चूर! 'इन्नू चूर!' म्हण!"

"इन्नू चूर," मी म्हणलो.

"मोठ्यानं!"