पुरेसं लहान म्हणजे किती

हिल्का ओयालाचं कुठलंही बोलणं "समजा"पासून सुरू व्हायचं. घरातलं दूध संपलं तरी ती म्हणायची, समजा दूध नाहीये, तर काळी कॉफी कुणाला चालेल? ताम्पेरेच्या विद्यापीठात अर्धं आयुष्य गणित शिकवून ही खोड तिला जडली होती, आणि तलावाकाठच्या हिवाळी पोहणाऱ्यांच्या क्लबात तिची नक्कल न करणारा माणूस शोधून सापडला नसता.

वडील कागदाच्या गिरणीत, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. हिल्का हुशार निघाली, तरुणपणीच प्रबंध लिहून बसली. त्याचा विषय सांगायला लागलं की समोरचा हळूच कोट शोधायचा, म्हणून तिने तो सौनाच्या, म्हणजे तापल्या धोंड्यांवर पाणी टाकून घाम काढायच्या लाकडी खोलीच्या, भाषेत बसवला होता. बादलीभर पाण्याची ऊब एका आकड्यात सांगता येते. पण भट्टीवर रचलेल्या धोंड्यांच्या ढिगात जागोजागी ऊब निराळी. जितक्या जागा तितके आकडे, आणि जागा काही मोजून संपत नाहीत. अशा अनंत आकड्यांच्या वस्तूची तुम्हाला धड माहिती नाही, हात घालायला खालचं एक दार तेवढं आहे, तरी ती एका उबेवर धरून ठेवायची. जमेल? हिल्काने सिद्ध केलं होतं की जमेल. वस्तू आपली आपण शांत होणारी हवी, आणि दर खेपेची दुरुस्ती पुरेशी लहान हवी, बस. तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रबंध विद्यापीठाच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला, लोकांनी वाचावा म्हणून. वाचला कुणीच नाही. एकाने त्याच खिळ्याला मफलर अडकवला.

यंदा क्लबच्या सौनाची भट्टी पेटवणारे गृहस्थ लेकीकडे राहायला गेले आणि त्यांची जागा हिल्काने मागून घेतली. खजिनदार तौनोला ती भट्टीच नको होती. त्याला विजेची हवी होती.

"बटण दाबायचं, बसायचं. मी आपलं सांगतोय."

तौनोचं प्रत्येक वाक्य तिथेच येऊन टेकायचं. अखेर ठरलं की शनिवारच्या सभेत हात वर करून निकाल लावायचा. तोवर लाकडाच्या भट्टीला ऊब सारखी राखायला जमलं तर ठीक, नाहीतर भंगारात.

आता जिने ते प्रमेय सिद्ध केलं, तिने तेच वापरावं ना? पण हिल्का पडली शिकलेली. तिने ढिगाचं चोख गणित मांडलं, अनंत आकड्यांतले मोठे मोठे दहा ठेवले आणि बाकीचे किरकोळ म्हणून सोडून दिले. सकाळी रिकाम्या सौनात सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी मंडळी आली, ओली अंगं आली, दार उघडझाप करायला लागलं, आणि सोडून दिलेले ते किरकोळ सगळे मिळून हिल्काच्या मानगुटीवर बसले. हवा गार वाटली म्हणून तिने ओंडके घातले. धोंडे लगेच काही बोलेनात, म्हणून आणखी घातले. मग ते एकदम बोलले. वरच्या बाकावरचे सगळे टणाटण खाली उतरले. तिने घाबरून आग ओढून घेतली, तर ऐन वेळी सौना थंड.

क्लबची अध्यक्ष इंपी ऐंशीची होती आणि शब्द चिमटीने टाकायची.

"मघाशी भाजलंस, आता वाळत घातलंस," ती म्हणाली. "उद्या मीठ लावणार का?"

हिल्का हसली, आणि धुराड्याजवळ बसून तिने म्हातारीला सगळं सांगून टाकलं. दहा आकडेही सांगितले, प्रमेयही.

"मग स्वतःचंच का नाही वापरत?"

"त्यात दुरुस्ती पुरेशी लहान हवी म्हटलंय."

"किती लहान?"

"ते नाही सांगत. तसं माप कुठेतरी असतं, एवढंच सांगतं."

"माझ्या नवऱ्यासारखं," इंपी म्हणाली. "चष्मा घरातच आहे म्हणायचा."

हिल्का त्या रात्री एकटीच हसत घरी गेली. इतकी वर्षं ते माप कधी शोधूनच पाहिलं नव्हतं की तिने!

मग शोध सुरू झाला. नियम एकच. भिंतीवरची वाळूची घटिका रिकामी झाली की तापमापकाचा काटा बघायचा. हव्या त्या उबेवर केलेल्या खुणेच्या खाली असेल तर मागच्या खेपेपेक्षा एक लाकूड जास्त, वर असेल तर एक कमी. मग पुन्हा घटिका रिकामी होईतो हात मांडीखाली. अख्ख्या ओंडक्याने काट्याचे झोके चालूच राहिले. फाळकीने निम्मे झाले. अंगठ्याएवढी ढलपी घेतली तेव्हा काटा डुलत डुलत खुणेवर येऊन बसला. तोटा एवढाच, की संध्याकाळच्या सौनासाठी भट्टी सकाळीच पेटवावी लागायची.

शनिवारी सभा बाकांवरच भरली. तौनोने घाम पुसून मुद्दा काढला. "तू बसतेस म्हणून जमतंय. उद्या दुसरा बसला की? मी आपलं सांगतोय."

हिल्काचा चेहरा असा फुलला, की जणू प्रबंध कुणीतरी खिळ्यावरून उतरवून वाचायला घेतला. तिने त्याला भट्टीपुढची जागा दिली, नियम सांगितला आणि स्वतः वरच्या बाकावर जाऊन बसली. तौनो बाहेर गेला आणि बर्फात पडलेली ओली लाकडं मुद्दाम निवडून, ढलप्या करून घेऊन आला.

काटा उतरायला लागला. हिल्का हात मांडीवर ठेवून काट्याकडे टक लावून होती. अंगठ्याएवढं माप ओल्या लाकडालाही पुरेसं लहान आहे का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. भट्टी जाईल ही भीती मागेच कुठेतरी राहून गेली होती. आता फक्त काय होतंय ते बघायचं होतं. तौनोने घटिका उलटवली, एक ढलपी वाढवली. पुन्हा उलटवली, पुन्हा एक वाढवली. काटा थबकला. मग आळसावलेल्या मांजरासारखा चढायला लागला, खुणेच्या जरासा पुढे गेला, परत फिरला आणि तिथेच राहिला.

इंपीने धोंड्यांवर पळीभर पाणी टाकलं. वाफारा गोल फिरून सगळ्यांच्या खांद्यांवर सारखा उतरला.

"विजेची हवी असलेल्यांनी हात वर करा," ती म्हणाली.

एकही हात वर गेला नाही. मग सगळे तौनोकडे बघायला लागले. त्याची पाठ मंडळींकडे होती आणि नाक जवळजवळ काट्याला लागलं होतं.

"तौनो, तुझा हात?"

"थांब गं जरा," तो मागे न बघता म्हणाला. "हिल्का, दार किलकिलं ठेवलं तर?"

"समजा, ठेवलं," हिल्का म्हणाली.

तौनो उठला, स्वतःचा बूट शोधून आणला आणि दारात अडकवला.