उगवतीकडं तोंड केलेला सर्व्हर

एक ड्रॉइंग उघडायला एक चहा लागायचा. हे माप माझं नाही, चाचांचं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक कारखाना आहे. फौंड्रीवाल्यांना ओतकामासाठी लागणारे पॅटर्न, म्हणजे साचा काढायचे नमुने, तिथं बनतात. त्या कारखान्याच्या ड्रॉइंगच्या खोलीत चाचा तीस वर्षं बसतात, आधी बोर्डासमोर आणि नंतर कॉम्प्युटरसमोर. त्या दिवसांत ते फाइलीवर क्लिक करायचे, थर्मासातला चहा कपात ओतायचे, फुंकत फुंकत प्यायचे, बाहेर जाऊन कप विसळून आणायचे, आणि मग कुठं पडद्यावर पंपाची बॉडी उमटायला लागायची.

"इंजिनेर, मोठ्या ड्रॉइंगला दोन कप लागालेत," ते मला म्हणाले. "माज्या पोटात आता जागा न्हाय. काय तरी करा की."

मी इंजिनिअर नाही. राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एका बाजूला दाताचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला कोचिंग क्लास. दोन्हीकडून दिवसभर विव्हळणं ऐकू येतं. पण एमआयडीसीत हातात लॅपटॉपची बॅग दिसली की माणूस इंजिनेर होतो, आणि तो मान नाकारण्याएवढा मी विनयशील कधीच नव्हतो.

त्या कारखान्यात दोन सर्व्हर होते. जुना विंडोजचा. गळ्यापर्यंत भरलेला, पंखा खडखडणारा, कधीही राम म्हणेल असा. दुसरा नवा, लिनक्सचा, मी सुचवलेला आणि मीच बसवलेला. जुनी ड्रॉइंग जुन्यावर, नवी ड्रॉइंग नव्यावर. बसवला तेव्हा नवा इतका पळायचा की धाकटे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला आणून दाखवायचे. आणि दसऱ्यानंतर त्याची गोगलगाय झाली. जुन्यावरची फाइल चटकन उघडायची आणि नव्यावरची चाचांना चहा पाजायची.

मी लगेच निदान केलं. माझं निदान नेहमी लगेच होतं, तोच माझा मोठा दोष आहे. दोन सर्व्हरच्या फाइल सिस्टीम वेगळ्या, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत वेगळी. एकाच्या घरी डबे फळीवर, दुसऱ्याच्या घरी कपाटात. चाचांचा कॉम्प्युटर विंडोजचा, त्याला फळीची सवय, मग कपाटात शोधताना वेळ लागणारच. इंटरनेटवर बघितलं, तर जगभरातले लोक हेच रडगाणं गात होते. एवढे लोक रडतायत म्हटल्यावर मला फार बरं वाटलं.

मग मी दुकानात बसूनच, रिमोटनं, उपचार सुरू केले. फाइल शेअर करायच्या सेटिंगमधले आकडे वाढवले. फरक नाही. कमी केले. फरक नाही. अँटिव्हायरस बंद केला, परत चालू केला. मूळच्या सेटिंगची एक प्रत जपून ठेवली होती, तिच्यावर चुकून दुसरी प्रत लिहिली. त्या दिवशी दुकानात आलेल्या एका बिचाऱ्या गिऱ्हाइकावर मी प्रिंटरच्या शाईवरून ओरडलो. त्याची शाई व्यवस्थित होती.

खरं म्हणजे एक साधी आज्ञा टाइप केली असती तर वायरीतून माल किती वेगानं येतोय ते लगेच दिसलं असतं. ती मला पाठ आहे. मी टाइप केली नाही, कारण ती वायर मी स्वतः जोडली होती, आणि स्वतः जोडलेल्या वायरीवर मी संशय घेत नाही. दुसऱ्याने जोडलेली असती तर पहिल्या पाच मिनिटांत उपटून बघितली असती.

पहिल्याच दिवशी, मी प्रत्यक्ष गेलो होतो तेव्हा, चाचा मला म्हणाले होते, "इंजिनेर, त्या टेबलामागं एक जुनं..."

"चाचा," मी म्हणालो, "हा फाइल सिस्टीमचा मामला आहे. तुम्ही ड्रॉइंग बघा, सर्व्हरचं मी बघतो."

ते ड्रॉइंग बघायला लागले. ड्रॉइंग अजून उघडलं नव्हतं, म्हणून रिकामा पडदा बघायला लागले.

दोन आठवडे असे गेले आणि धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मालकांचं कुटुंब जैन, मूळचं शेतीतलं आणि अडतीतलं. धाकटे मालक पुण्यात शिकून आलेले. आवाज चढवत नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटते.

"फौंड्रीवाले थांबायला तयार नाहीत," ते म्हणाले. "सकाळी बदल सांगितला की संध्याकाळी ड्रॉइंग पाहिजे असतं. पुण्यात एक पार्टी आहे, ती सगळं ड्रॉइंगचं काम तिकडंच करून देते. सोमवारी त्यांची माणसं येतायत. तोवर झालं तर ठीक, नाहीतर ही खोली बंद करू. चाचांचंही वय झालंय. शाल, श्रीफळ, सगळं नीट करू."

मला घाम फुटला. चाचांसाठी फुटला असं लिहायला आवडलं असतं, पण तो आधी माझ्या सर्व्हरसाठी फुटला. आणि त्या घामातच माझ्या तोंडून गेलं, "तसं बघितलं तर सर्व्हर चांगलाय हो. थोडा दोष वापरणाऱ्याचाही असतो. कुठलीही फाइल कुठंही सेव्ह केली तर..."

धाकट्या मालकांनी मान डोलावली. त्यांना हेच ऐकायचं होतं. मी बाहेर आलो तेव्हा चाचा दाराशीच उभे होते, हातात विसळलेला कप. त्यांनी किती ऐकलं ते मला कळलं नाही.

"शालीचा रंग तरी इचारा म्हनावं मला," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

हायवेनं स्कूटरवरून परत येताना मी स्वतःला समजावलं की मी खोटं काही बोललो नव्हतो. चाचा फाइली खरंच कुठंही सेव्ह करायचे. एका फोल्डरचं नाव 'सध्याचं' होतं, दुसऱ्याचं 'आत्ताचं सध्याचं'. पण त्यानं फाइल हळू उघडत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी घरी मला जेवण गेलं नाही, आणि मी बायकोला सांगितलं की ऊन लागलंय.

सोमवारी सकाळी मी शेवटचा उपाय करायला गेलो. नवा सर्व्हर पुसून त्यावर विंडोज घालायचं. म्हणजे मी स्वतः बसवलेली मूर्ती स्वतःच विसर्जित करायची. पुण्याची माणसं अकराला येणार होती, आणि एवढं काम तोवर होणार नाही हे मला माहीत होतं. तरी काहीतरी करताना दिसावं म्हणून गेलो.

खोलीत आक्का होत्या. आक्का म्हणजे धाकट्या मालकांच्या आई. दिवाळीच्या आधी कारखान्याची झाडलोट त्या स्वतः उभ्या राहून करून घेतात. पदर खोचून त्या सर्व्हरच्या टेबलासमोर उभ्या होत्या.

"आरं, ह्येचं तोंड अजून उगवतीकडंच हाय?" त्या कडाडल्या. "दसरा हून किती दीस झालं! पूजा झाली, आता भिताडाला सरळ लाव की त्येला. झाडू जाईना झालाय मागनं."

आणि मला खंडेनवमी आठवली.

त्या दिवशी कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा असते. लेथ, करवती, रंधे, सगळं पुसून फुलं वाहतात. निवृत्त झालेली हत्यारंही माळ्यावरून खाली येतात, कारण त्यांनीही कधीकाळी काम केलंय. चाचा दरवर्षी आपला जुना टी-स्क्वेअर, बोर्डावर रेघा मारायची पट्टी, तेल लावून पूजेला मांडतात. त्या वर्षी त्यांनी माळ्यावरून जुना हबही आणून मांडला होता. हब म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा डबा, आणि हा तर इतका जुना की आजची फाइल त्यातून जायची म्हणजे हत्तीनं मोरीच्या भोकातून जाण्यासारखं. पण मांडलाय पूजेला, मान आहे त्याला, असं म्हणून मी हसलो होतो.

मग आक्कांनी फर्मान काढलं की नव्या सर्व्हरचं तोंड उगवतीकडं पाहिजे. पूजेला बसलेलं हत्यार पश्चिमेकडं बघत नाही. टेबल फिरवलं, आणि वायर स्विचपर्यंत, म्हणजे हबाच्या जागी आलेल्या नव्या वेगवान डब्यापर्यंत, वीतभर कमी पडली. तिकडं पुऱ्या तळल्याचा वास यायला लागला होता. श्रीखंडाच्या पहिल्या पंगतीत मला जागा धरून ठेवली होती. लांब वायर स्कूटरच्या डिकीत होती, पण डिकीपर्यंत जायचं म्हणजे पंगत जायची. मी समोर मांडलेला हब उचलला, सर्व्हरची वायर त्यात खोचली, दुसरी वायर हबातून स्विचमध्ये खोचली, हब टेबलामागं ठेवला आणि हात धुवायला गेलो. दसरा झाला की टेबल सरळ करताना काढू, असं ठरवलं होतं. पूजेच्या चौरंगाचं लाल कापड मागं ओढलं गेलं आणि हब त्याच्याखाली गेला. श्रीखंड चांगलं होतं. तीन वाट्या खाल्ल्या होत्या.

हे सगळं मला आक्कांसमोर उभ्या-उभ्या आठवलं. तरी खात्री करायला मी टेबल ओढलं. लाल कापड सरकलं आणि मागून तो डबा वायरीला लोंबकळत बाहेर आला. कडेला वाळलेली झेंडूची पाकळी चिकटलेली आणि दिवे लुकलुकत. नव्या सर्व्हरचं प्रत्येक ड्रॉइंग, तीन आठवडे, ह्या म्हाताऱ्याच्या घशातून जात होतं.

चाचा त्यांच्या खुर्चीवरून बघत होते.

मी स्कूटरच्या डिकीतून लांब वायर आणली. सर्व्हर थेट स्विचला जोडला. हब हातातच राहिला. तेवढ्यात दारात धाकटे मालक.

"झालं काही?"

चाचांनी सवयीनं आधी कपात चहा ओतला. मग क्लिक केलं. कप ओठाजवळ न्यायच्या आत पडद्यावर पंपाची बॉडी आली, सगळ्या खाचाखोचांसकट. चाचांनी कप खाली ठेवला आणि दुसरी फाइल उघडली, मग तिसरी. तिन्ही चटाचट.

"काय होतं?" धाकट्या मालकांनी मला विचारलं.

उत्तर माझ्याकडं तयार होतं. फाइल सिस्टीमचं ट्युनिंग केलं, असं म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आक्कांना हब आणि डबा सारखाच. मालकांनी माझ्याशी हात मिळवला असता. फक्त केबिनमध्ये मी जे बोललो होतो ते तसंच राहिलं असतं, आणि पुढच्या वेळी काही हळू झालं की मालकांची नजर आधी चाचांच्या खुर्चीकडं गेली असती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी जवळजवळ ओरडलोच.

"चूक माझी आहे! फाइल सिस्टीम-बिस्टीम काही नाही. पूजेच्या दिवशी घाईत हा जुना हब मी मध्ये लावला आणि विसरलो. श्रीखंडासाठी लावला. आणि वापरणाऱ्याचा दोष म्हणालो तेही खोटं. चाचांचा काडीचा दोष नाही."

आक्का पहिल्यांदा बोलल्या. "म्हंजे माज्या उगवतीमुळं न्हाय न्हवं?"

"नाही आक्का."

"मग बरं," म्हणून त्यांनी झाडू मागवला.

धाकट्या मालकांनी माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं. मग खिशातून फोन काढून व्हरांड्यात गेले. पुण्याचं पावणं साताऱ्यापर्यंत पोचलं होतं. त्यांना तिथूनच माघारी फिरायला सांगितलेलं आम्हाला आत ऐकू आलं.

मी चाचांच्या शेजारी स्टुलावर बसलो. माफी कशी मागायची याची मला सवय नाही, म्हणून मी हबावरची वाळकी पाकळी नखानं काढत बसलो.

"चाचा," शेवटी मी म्हणालो, "त्या पहिल्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. टेबलामागं एक जुनं म्हणून."

"व्हय. ह्योच डबा. कापडाखालनं त्याचं दिवं लुकलुकताना दिसलं मला."

"मग परत का नाही सांगितलं? खुर्ची जायची वेळ आली होती तुमची."

"तुमी म्हनलासा की, तुमी ड्रॉइंग बगा." चाचांनी थर्मास उचलून माझ्यासाठी दुसरा कप भरला. "म्हनून बगत बसलो."

चहा कढत होता. तो निवेपर्यंत त्यांनी अजून चार ड्रॉइंग उघडली.