मावशींच्या हातचे पाच बोर्ड

आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटवाले सातजण आहेत, पण मावशींना विचारल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाला कुणी हात लावत नाही. वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात त्या सोल्डरिंग शिकल्या; इथे येऊन बावीस वर्षं झाली. तिळाएवढा भाग चिमट्याने उचलायचा, बोर्डावर बसवायचा, सोल्डर करायचा आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की तो बोर्ड पुन्हा कुणी तपासत नाही. तपासला तर मावशी दोन दिवस अबोला धरतात, आणि ते कुणालाच परवडत नाही.

गेल्या वर्षी आमची नवी चिप आली. एकाच चिपमध्ये वायफाय, ब्लूटूथ आणि घरातले दिवे-कुलपं जोडणारं झिगबी. तिघांच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या, म्हणजे एक बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायला हवं. कुणी कधी बोलायचं हे ठरवणारा भाग माझा. तीन वर्षं मी त्यावर डोकं आपटलं होतं.

पहिले नमुने मावशींनी पाच बोर्डांवर बसवले. एकेकटी तिघंही शहाण्यासारखी वागत. पण वायफाय सुरू करून ब्लूटूथवर गाणं लावलं की त्याचे तुकडे तुकडे होत. पाचही बोर्डांवर तेच! म्हणजे खोट चिपमध्ये, आणि चिपमध्ये म्हणजे माझ्याच भागात. साहेबांनी शुक्रवारी चारला बैठक लावली: माझा भाग काढून चिप नव्याने करायची, आठ महिने जाणार. माझं जेवणावरचं लक्षच उडालं. आई म्हणाली, "अरे, चिपसाठी कुणी उपास करतं का?"

शुक्रवारी दुपारी मी खुर्चीत नुसता बसून होतो. मावशी आल्या.

"तुझं तोंड बघवत नाही रे. आण तो बोर्ड."

स्वतःचाच बोर्ड त्यांनी भिंगाखाली घेतला. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारी नवं ड्रॉइंग पसरलं. एकेक भाग ड्रॉइंगशी ताडून पाहिला.

"जुन्या चिपला अँटेना दोन होत्या ना?"

"हो. हिला एकच."

"मग लहरींची वाट ठरवणारा हा रेझिस्टर डावीकडे हवा. मी उजवीकडे बसवलाय. हाताला जुनीच सवय." मग हळूच म्हणाल्या, "पाचही बोर्डांवर."

त्यांनी सोल्डरिंगची सळई तापवली, तो तीळ उचलून डावीकडे बसवला. मी गाणं लावलं, वायफाय सुरू केलं. गाणं सलग वाजत राहिलं. शेवटपर्यंत ऐकलं, इतकं टुकार गाणं मला आयुष्यात इतकं आवडलं नव्हतं.

बैठकीत मी तोंड उघडायच्या आत मावशी उभ्या राहिल्या. "साहेब, चिपमधलं काही काढू नका. चूक माझी आहे."

साहेब बघतच राहिले. "मावशी, तुम्ही चुकलात?" आणि असे हसले की टेबलावरचा चहा सांडला. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

बाहेर आलो तर मावशी पदराने डोळे पुसत होत्या. बावीस वर्षांचा लौकिक सगळ्यांसमोर गेला होता. मला वाईट वाटलं. "मावशी, मनाला लावून घेऊ नका."

"वेडा आहेस का? चार दिवस देवाला विनवत होते, माझंच काहीतरी चुकलेलं निघू दे. फक्त बघायचा धीर होत नव्हता."