देसांका काकूंची स्वच्छ बाग

बसमधून उतरून देसांका काठी टेकत फाटकापाशी आली आणि जागच्या जागी थिजली. बाग झाडूनपुसून ठेवल्यासारखी लख्ख होती. तिने मुद्दाम राखलेलं कमरेएवढं गवत बुडापासून छाटलेलं. पानांवरचा मावा खाणारे किडे वस्तीला राहावेत म्हणून तिने आलुबुखाराच्या फांद्यांना मातीच्या कुंड्या उलट्या टांगल्या होत्या. त्या धुऊन एकावर एक रचलेल्या.

खुब्याचं हाड मोडून ती तीन आठवडे हॉस्पिटलात होती.

शेजारचा वितोमिर हसत पुढे आला. "काय काकू, ओळखली का बाग? मोबा केला आम्ही! चौदा घरं आली."

कोणी अंथरुणाला खिळलं की गावाने जाऊन त्याचं काम उरकायचं, याला मोबा म्हणतात. मजुरी नाही, फक्त मालकाने जेवू घालायचं.

"फवारलं का रे?" तिने विचारलं.

"दोनदा! औषध माझ्या पदरचं. माव्याचा मागमूस नाही."

तीन वर्षं देसांकाने विषाचा थेंब पडू दिला नव्हता. पहिल्या वर्षी निम्मं फळ किडलं. विष नको, किडेच मावा खातील, असं ती सांगायची; गाव म्हणालं, म्हातारी आळशी झाली. मग किडे आले, पाखरं आली, यंदा फांद्या वाकल्या होत्या. मंगळवारी तपासणी झाली की सेंद्रिय बागेचा दाखला मिळणार होता. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण शिव्या द्यायच्या तरी कोणाला? चौदा घरांनी भल्यासाठीच घाम गाळलेला. रविवारी तिने सगळ्यांना जेवू घातलं, राकिया, म्हणजे घरची फळांची दारूही ओतली.

मंगळवारी तपासणीची बाई आली. एव्हाना वितोमिरच्या कानावर सगळं आलं होतं. तो कुंपणापलीकडूनच बोलला, "थेंब पडला नाही, बाई. चौदा घरं साक्ष देतील."

देसांका हबकून त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस आजवर खोटं बोलला नव्हता.

"फवारलंय," ती म्हणाली. "दोनदा. लिहा."

बाईचं पेन थांबलं. "आजी, मग पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. वय काय तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

बाई गेल्यावर वितोमिर टोपी चुरगाळत म्हणाला, "काकू, आम्हाला वाटलं, तुम्हाला पंप उचलत नाही म्हणून फवारत नाही. लाजेपायी कारणं सांगता."

"कारणं नव्हती रे ती," देसांका म्हणाली. "तीन वर्षं खरंच सांगत होते. तुम्ही हसत होतात."