सुकरामच्या नव्याचा दुसरा वाटा

नोव्हेंबर १९४८. काश्मीरमधल्या एका पिकेटवर, डोंगरावरच्या पुढच्या चौकीवर, आम्ही सव्वीस जण होतो. टेलिफोन लाईनचं काम दोघांकडे: लान्स नायक सुकराम आणि मी, नायक दानियल. मी गोंदियाच्या रेल्वे चाळीतला ख्रिस्ती, तो दरेकशाच्या डोंगरातला शेतकऱ्याचा मुलगा. सुट्टीवर दोघं एकाच गाडीनं यायचो. मी गोंदियाला उतरायचो. तो त्याच गाडीनं पुढे दरेकशाला जायचा. हलत्या गाडीतून तो ओरडायचा, "पाळक, नव्याला ये गा!" पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू; मी प्रार्थना चुकवत नसे म्हणून त्यानं हे नाव पाडलं होतं.

नवा म्हणजे नव्या भाताचं पहिलं जेवण. आधी घरच्या देवाला, मग घरच्या सगळ्यांना. बाहेर असलेल्याचा वाटा पाठवायचा, आणि सगळ्यांच्या तोंडी नवा लागल्याशिवाय घरच्या बाईनं नवं अन्न खायचं नाही, ही सुकरामच्या घरची रीत. त्या महिन्यात त्याच्या आईनं नव्या धानाचे पोहे पाठवले.

"मायनं दोघांचे वाटे धाडले. तुले घरचाच धरते ते."

"देवाला वाहिलेलं मी खात नाही. तुला माहीत आहे."

"मूठभर पोह्यानं तुहा देव कायले रागावते गा?"

"नियम आहे."

"बरं. नरम पडशीन तवा खा."

त्यानं आपला वाटा खाल्ला. माझा फडक्यात बांधून माझ्या पाठीवरच्या पिट्टूत कोंबला.

त्याच आठवड्यात एका दुपारी शत्रूनं पिकेटवर तोफा डागल्या. लाईन तुटली. वायरलेस सेट थंडीनं बंद पडला होता. आपल्या तोफांना निशाण सांगायला लाईन हवीच होती. एकानं फोनवर बसायचं, एकानं तारेवर जायचं. पाळी सुकरामची होती. तो पक्कड आणि तारेला जोडायचा फोन घेऊन निघाला. बऱ्याच वेळानं फोनमध्ये आवाज आला.

"पिकेट, सुकराम बोलतो. ऐकू येते?"

"येतं. जोड झाला?"

"झाला. बोटं आखडली बाप्पा. चहा ठेव."

"ठेवतो. ये लवकर."

कंपनी कमांडरांनी फोन माझ्या हातून घेतला. आमच्या तोफा सुरू झाल्या, हल्ला थांबला. चहा निवला. सुकराम जोडाजवळच सापडला. पक्कड हातात होती.

१९४९ च्या नोव्हेंबरात मी निवृत्त होऊन परतलो. गाडीत गोंदियाला उठलो नाही. बसूनच राहिलो, दरेकशाला उतरलो.

सुकरामच्या आईनं पाणी दिलं. चुलीजवळ नव्या भाताचं भांडं झाकून ठेवलं होतं. ती स्वतः मात्र कोदो, डोंगरातलं भरड धान्य, शिजवून खात होती.

"पोरगा गेला तवापासून नव्याचा दाना तोंडात नाही घेतला माह्या वहिनीनं," तिची नणंद म्हणाली. "वाटा पोचला का नाही, तेच विचारून राहिली."

माय माझ्याकडे पाहत होती. "त्यानं खाल्ला का गा?"

"खाल्ला. माझ्यासमोर."

"अन् तू?"

मी पिट्टूतलं फडकं काढलं. गाठ तशीच होती. पोहे सुकून खडे झाले होते.  ती फडक्यावरून हात फिरवत राहिली.

मी विचार केला. देवाला वाहिलेलं खायचं नाही, हे मला चर्चच्या पाळकांनी शिकवलं होतं. पण त्या देवघरात मी कुणाला मानत नव्हतो, म्हणजे माझ्या लेखी तो नुसता भात होता. मी न खाल्ल्यानं माझ्या ख्रिस्ताचं काही राखलं जात नव्हतं. एका बाईचं जेवण अडत होतं. प्रार्थना सोडायची नाही एवढं ठरवलं.

"वाढ माय," मी म्हणालो. "आधी माझ्या रीतीनं दोन शब्द बोलू दे."

"बोल ना. देवाले कोणी अडवते का?"

मी डोळे मिटून प्रार्थना केली आणि सुकरामचं नाव घेतलं. तिनं ते पोहे दुधात भिजवले, वर नवा भात वाढला. मी जेवलो. मग तिनं आपल्या पानात वाढून घेतलं. एकेक घास फार वेळ चावत होती.

हे लिहितो आहे ते १९६० साल. रविवारची उपासना मी आजही चुकवत नाही. दरेकशाचा नवाही चुकवत नाही. मायला आता नीट दिसत नाही. पान वाढलं की ती दरवर्षी तेच विचारते, आणि मी पाठ सरळ करून रिपोर्ट देतो.

"त्यानं खाल्ला का गा?"

"खाल्ला, माय. माझ्यासमोर."